हवेचा तंबू घ्यावा की दांड्यांचा?

तुम्ही विचारलंय, डिसेंबरात चौघांनी गोव्यात केरीच्या समुद्रकिनारी दोन रात्री राहायचंय, तर हवा भरायचा तंबू घ्यावा की दांड्यांचा? माझ्या मते दांड्यांचाच.

हवेच्या तंबूत दांड्यांच्या जागी हवा भरायच्या नळ्या असतात; तो पंपाने काही मिनिटांत उभा राहतो, हे खरं. पण चौघांचा असा तंबू सहज १० किलोंच्या वर जातो. गाडी जागेपर्यंत जात असेल तरच घ्यावा. शिवाय आपल्याकडचं दुपारचं ऊन! नळ्यांतली हवा प्रसरण पावते, म्हणून थोडी सोडावी लागते. रात्री गारव्याने नळ्या सैल पडल्या की पुन्हा पंप.

दांडे फायबरग्लासचे बघा, खाऱ्या वाऱ्यात गंजत नाहीत. एखादा मोडलाच तर वर धातूची नळी सरकवून चिकटपट्टी गुंडाळा, रात्र निभावते.

खरी अडचण वाळूची. नेहमीच्या खुंट्या तीत टिकतच नाहीत. पिशव्यांत वाळू भरा, दोर बांधा आणि हातभर खोल पुरा. तंबू कुठलाही असो, हे कराच.

आणि कळकळीने सांगतो, मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागच्या वाळूवर तंबू नको. तिथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. केरीलाही कुणाच्या आवारात, विचारूनच उतरा.