वाचकांचे प्रश्न : पोरगा एमएमएत जातो म्हणतोय

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. लहानपणापासून तालमीत घुमतोय. आता कुस्ती सोडून एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) करायचं म्हणतो. पोट भरेल का त्यावर?
– एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर : दादा, दुहेरी पट काढणाऱ्या, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडणाऱ्या पोराची निम्मी तयारी झालेली असते. अडचण पुढे आहे. मातीत पाठ लागली की खेळ खलास, म्हणून आपला पैलवान खाली गेला की पोटावर पालथा होतो. एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात नेमकं तेच नडतं. पाठीवर बसलेला गडी मागून गळा आवळतो. माझ्याकडे येणाऱ्या पैलवानांची ही खोड मोडायला फार वेळ जातो. ठोसे त्यामानाने लवकर जमतात.

आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे कुस्तीतूनच २०१७ साली यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेत पोचला. शांघायला चीनच्या सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत मान आवळून त्याला हरवलं. रितू फोगट २०१९ मध्ये कुस्ती सोडून सिंगापूरला सरावाला गेली, २०२१ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेच्या ग्रांप्रीची फायनल गाठली आणि थायलंडच्या स्टॅम्पच्या हातकुलुपात (हात उलटा ताणणाऱ्या पकडीत) अडकून हरली. दोघांच्याही कुस्तीला नाव ठेवायला जागा नव्हती!

पैशाचं म्हणाल तर पगार नाही. लढत झाली तर मानधन, जिंकलात तर बहुधा बोनस. गुडघा गेला की दोन्ही बंद, खुराकाचा खर्च मात्र चालूच. त्याला कॉलेज पुरं करू द्या. तालीम सोडायला लावू नका, संध्याकाळी जुजित्सू (जमिनीवरच्या पकडींचा खेळ) जोडा. आणि वस्तादांना आधी विचारा, परस्पर कळलं तर ते रुसतील.