प्रिओरातची पहिली बाटली उघडण्याआधी
प्रिओरात हा स्पेनमधल्या कॅटलोनियातला वाइनचा प्रदेश. इथल्या डोंगरांत माती अशी जवळजवळ नाहीच. ‘लिकोरेया’ म्हणजे काळपट, अभ्रकाने चमकणाऱ्या पाटीच्या दगडाच्या चिपा. पाणी टिकत नाही, मुळं फटींतून खोल उतरतात आणि वेलीला घड मोजकेच लागतात. आपल्या काळ्या मातीच्या अगदी उलट! १२व्या शतकात कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी इथे मठ उभारला, द्राक्षमळे धरले. १९व्या शतकाअखेर फिलोक्सेरा या द्राक्षवेलीची मुळं पोखरणाऱ्या किडीने ते उजाड केले, १९८९च्या सुमारास नव्या मंडळींनी पुन्हा नाव काढलं.

उन्हाळा कडक, कोरडा. द्राक्षात साखर चढते, अल्कोहोल सहज १५ टक्के. म्हणून आपल्याकडच्या ३० अंशांत तशीच ओतू नका, घशात नुसती जळजळ होईल. आधी तासभर डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद काचेच्या भांड्यात; मग फ्रिजमध्ये ठेवून १६-१७ अंशांवर आणा. लेबलवर कारिन्येना ही द्राक्षाची जात जास्त दिसली तर आंबटपणा तीक्ष्ण लागणार; सुरुवातीला गार्नाचा ही दुसरी जातच बरी.