आयआरएफ३२०५ मॉसफेटच्या एच-ब्रिज इन्व्हर्टरला गेट ड्रायव्हर कोणता: आयआर२१०४ की आयआर२११०?

एच-ब्रिज म्हणजे मॉसफेटचे स्विच वापरून बॅटरीच्या डीसीचे एसी करणारे सर्किट, आणि गेट ड्रायव्हर म्हणजे त्या मॉसफेटना चालू-बंद करणारी चिप. २० किलोहर्ट्झवर स्विचिंग करणार असाल तर आयआर२११० घ्या. ड्रायव्हरचा करंट आधी बघायचा, किंमत नंतर. डेटाशीटप्रमाणे आयआरएफ३२०५ चा गेट चार्ज (मॉसफेट चालू करायला त्याच्या गेटमध्ये भरावा लागणारा चार्ज) जास्तीत जास्त १४६ नॅनोकुलंब. २ अँपिअर देणारा २११० तो साधारण ७३ नॅनोसेकंदांत भरतो. २१०४ चे जेमतेम ०.२ अँपिअर, म्हणजे पाऊण मायक्रोसेकंदाच्या आसपास, आणि तेवढा वेळ दर स्विचिंगला मॉसफेट तापतो. दोन-तीन समांतर जोडले असतील तर विचारूच नका. फक्त एक लक्षात ठेवा: २१०४ मध्ये डेड-टाइम (एक मॉसफेट बंद झाल्यावर दुसरा चालू होण्याआधीचा छोटा थांबा) आतच असतो, २११० मध्ये नसतो. तो कंट्रोलरच्या प्रोग्रॅममधून द्या, नाहीतर वरचा-खालचा मॉसफेट एकदम चालू होऊन बॅटरी थेट शॉर्ट होईल.