काय काढलंस ते सांग

निफाड, जानेवारी

बाळा,

अनेक आशीर्वाद. पहाटेचे साडेचार झालेत. पारा उतरलाय, म्हणून द्राक्षबागेला पाणी सोडलंय आणि बांधावर शेकोट्या पेटवल्यात, थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून. मोटर चालू आहे तोवर झोप नाही. तुझ्या परवाच्या फोनचं उत्तर आत्ता लिहितोय.

"मामा, दिवसभर पळतो, पण रात्री हाताला काही लागत नाही," म्हणालास. मग पाढाच वाचलास: अंबडच्या कंपनीत शिफ्ट, कॉलेज रोडला राज्यसेवेचा क्लास, जिम, मित्राबरोबर काढलेलं चॅनल, मंडळाचं काम आणि शनिवारी जपानी भाषा. (जपानी कशाला, हे मी विचारलं नाही.) यातलं एकही वाईट नाही. घोळ तिथंच आहे.

नाताळच्या सुट्टीत तू विरळणीला यायचास. पहिल्या दिवशी कात्री घेऊन किती तरी वेळ एकाच घडापाशी उभा होतास. "चांगला मणी कसा काढू?" म्हणालास, तेव्हा बायका हसल्या होत्या. किडका मणी कुणीही काढेल. विरळणी म्हणजे चांगल्यातलेच काढायचे. एक घड पोसायला साधारण 12 ते 15 पानं लागतात. घड जास्त ठेवले म्हणून पानं वाढत नाहीत, प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं एवढंच.

मलाही हे हात पोळल्यावरच कळलं. बाग नवी होती, त्या वर्षी माझ्याच्यानं एकही घड काढवला नाही. लोक बांधावरून बघून म्हणायचे, काय माल लागलाय! मीही फुगलो. मणी मात्र फुगेना. निर्यातीला 16 ते 18 मिलीमीटरचा मणी मागतात, माझा त्याच्या जवळपासही नव्हता. गोडीही भरेना. शेवटी पडेल त्या भावात दिला, बराचसा बेदाण्याला गेला.

खरा मार पुढच्या हंगामात बसला. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडच मोजके निघाले. त्याचं गणित ऑक्टोबरात नसतं, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ठरतं. भर उन्हाळ्यात काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, आत पुढचा घड घडत असतो. बाहेरून काही दिसत नाही, बघायलाही कुणी येत नाही. वेल आधीच थकलेली असली, वर काड्यांची गर्दी होऊन ऊन आत पोचलं नाही, की त्या डोळ्यातून घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. मी त्या उन्हाळ्यात भाव पडल्याच्या रागात गावभर फिरत होतो. बागेकडे बघितलंच नाही.

तुझा सध्या एप्रिल चालू आहे, असं मला वाटतं.

नोकरी सोडू नकोस, भाडं तिच्यातूनच निघतं. जिमलाही माझी हरकत नाही. पण शिफ्ट करून आल्यावर उरलेला, पेंगुळलेला तास तू अभ्यासाला देतोस, हे काही मला पटत नाही. ताज्या डोक्याचे दोन तास आधी त्याला दे, उरलंसुरलं बाकीच्यांना. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेव. खोली एकच आहे म्हणशील, तर घरमालकिणीकडे दे. माउली आनंदानं सांभाळेल, वर तुझ्या आईला कौतुकानं सांगेल.

आणि मंडळाच्या पोरांना 'बघतो' म्हणत जाऊ नकोस. 'बघतो' म्हटलेलं काम होत नाही आणि डोक्यातून जातही नाही. सरळ नाही म्हण. दोन दिवस रुसतील, मग दुसरा कुणी वर्गणीचं पुस्तक घेऊन फिरेल.

कोणतं ठेवायचं, ते मी सांगणार नाही. राज्यसेवेऐवजी जपानीच खरी निघाली, तर मला हसू येईल, पण तीच ठेव.

उजाडत आलंय, लाईटही आता जाईल. पुढच्या फोनला काय काय चाललंय ते नको. काय काढलंस ते सांग.

तुझा,
मामा