जॅझ पियानोवादक बिल एव्हन्सचे व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये 1961 साली रेकॉर्ड झालेले दोन अल्बम आहेत, ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. बेसवादक स्कॉट लफॅरोसाठी ऐकायचे तर आधी कोणता घ्यावा?

लफॅरोसाठीच ऐकायचं असेल तर आधी ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ घ्या. दोन्ही अल्बमचं रेकॉर्डिंग एकाच दिवसाचं, न्यूयॉर्क, 25 जून 1961. ड्रम्सवर पॉल मोशन. त्यानंतर अकराव्या दिवशी, 6 जुलैला, लफॅरो मोटार अपघातात गेला. वय फक्त 25. एव्हन्सने पुढे कित्येक महिने जाहीर कार्यक्रमच केले नाहीत. या अल्बमसाठी रेकॉर्डिंग निवडताना लफॅरोचा बेस पुढे यावा हे मुद्दाम पाहिलं गेलं. सुरुवातीची ‘ग्लोरियाज स्टेप’ आणि शेवटची ‘जेड व्हिजन्स’ या दोन्ही रचना त्याच्याच. हेडफोन लावून ऐका. बेस ठेका धरून मागे राहत नाही, वरच्या सुरांत जाऊन पियानोला मध्येच तोडतो, उलट उत्तर देतो. मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांच्या गप्पाही येतात (समोर काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नाही!). मात्र हे शोकसंगीत समजून ऐकू नका. निवड मृत्यूनंतरची असली तरी वाजवताना तिघे रंगात होते. जॅझ अगदीच नवं असेल तर ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’पासून सुरुवात केली तरी चालेल, त्यातलं ‘माय फूलिश हार्ट’ पहिल्याच ऐकण्यात पकडतं. त्या दिवसाचे पाचही सेट (वादनाच्या फेऱ्या) 2005 मध्ये तीन सीडींच्या संचात आले, पण ते नंतर.