चर्चच्या मंडळात वेगळं मत मांडलं की 'श्रद्धा कमी आहे' म्हणतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बैठकीत तीन-चार जणच बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. मी वसईचा कॅथलिक. आमच्या ख्रिस्ती समूहातही (म्हणजे शेजारपाजारच्या कुटुंबांच्या छोट्या गटात) बरीच वर्षं हेच चालायचं.

'कोणाला काही बोलायचंय का?' असं विचारलं की नेहमीचेच बोलतात. त्यापेक्षा पाळी लावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनडला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जागतिक सल्लासभेला, बिशप, धर्मभगिनी, प्रापंचिक असे सगळे गोल टेबलांभोवती बसले होते (स्त्रियांना मताचा अधिकार तेव्हा पहिल्यांदाच मिळाला). पहिल्या फेरीत प्रत्येकाने ठरलेल्या वेळात आपलं म्हणणं मांडायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. मग थोडी शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचं घोडं दामटायचं नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातलं काय मनाला भिडलं ते सांगायचं. तिसरीत कुठे जुळतं नि कुठे फाटतं ते पाहायचं.

दुसरी फेरी फार जड जाते. आमच्याकडे पहिल्या वेळी दोघांनी सरळ 'पास' म्हटलं! पण त्याच बैठकीत एक सून पहिल्यांदा बोलली: बैठक संध्याकाळी सातला, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी, मग बायका येणार कशा? इतकी वर्षं आम्ही 'बायकांना रस नाही' असंच धरून चाललो होतो.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: विरोध इतिवृत्तात लिहा. २०२४ च्या सिनडमध्ये अंतिम मसुद्याच्या परिच्छेदा-परिच्छेदावर मतदान झालं आणि आकडे जाहीर केले गेले. स्त्रियांच्या भूमिकेवरच्या ६०व्या परिच्छेदाला २५८ मतं बाजूने, ९७ विरोधात. स्त्रियांना डीकनपद (धर्मगुरूच्या खालचं दीक्षित पद) द्यायचं की नाही, हा प्रश्न त्यात खुलाच ठेवलाय. परिच्छेद मंजूर झाला, पण त्या ९७ जणांना कोणी पाखंडी ठरवलं नाही. तुमच्याकडे 'सर्वानुमते' लिहायची सवय असेल तर ती आधी मोडा.

फादरांनाही आधी विश्वासात घ्या. बैठकीत त्यांनी सगळ्यांच्या शेवटी बोलावं, एवढंच मागा. ते सुरुवातीलाच बोलले की बाकीच्यांचं मत तिथेच ठरतं.

आमची बैठक आता रविवारी दुपारी तीनला असते. एका आजोबांचा त्याला विरोध आहे, वामकुक्षी मोडते म्हणून. तेही इतिवृत्तात आहे, दर महिन्याला.