बेचिराख गाव म्हणजे जळालेलं गाव का?

विचारणा अशी आहे: तालुक्याच्या गावयादीत काही नावांपुढे ‘बेचिराख’ असा शेरा आहे, तिथे आग लागली होती का? आणि आमची दीडशे उंबऱ्यांची वाडी त्याच यादीत का सापडत नाही?

आगीचा इथे काही संबंध नाही. फारसीत ‘चिराग’ म्हणजे दिवा आणि ‘बे’ म्हणजे शिवाय. ज्या गावात दिवा लावायला माणूस उरला नाही, ते बेचिराख. ‘बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख’ असं वाचून वाचून आपल्याला शब्दात राखच दिसते. महसूल दप्तराने मात्र जुना अर्थ टिकवून धरलाय, आणि तो टिकावा असं मला मनापासून वाटतं.

मग माणसंच नाहीत तर ते गाव कसलं? जनगणना ग्रामीण भागाचे आकडे महसुली गावानुसार देते, आणि महसुली गाव म्हणजे हद्द ठरलेली जमीन. तिला स्वतःचा नकाशा असतो, गट नंबर असतात, सातबारा असतो. शेजारच्या गावची माणसं तिथे कसायला जातात आणि संध्याकाळी घरी परततात, त्यामुळे त्यांची शिरगणती त्यांच्या गावात होते. बेचिराख गावाचं नाव छापलं जातं, पुढे क्षेत्रफळ असतं आणि लोकसंख्या शून्य.

वाडीचं नेमकं उलट. घरं आहेत, पण वेगळी महसुली हद्द नाही. कोकणात तर एकाच गावात कितीतरी वाड्या, आणि सगळ्यांचा आकडा मूळ गावात एकत्र. शासनाने वाडीला किंवा तांड्याला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा दिला, तर पुढच्या जनगणनेत ते नाव वेगळं येऊ शकतं.

शहराबाबतही असाच घोळ होतो. गोव्यातल्या कळंगुटला पंचायत आहे, तरी २०११च्या जनगणनेत ते ‘सेन्सस टाऊन’, म्हणजे शहरी. किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, अशा तिच्या अटी आहेत.

तुमच्या वाडीसाठी सातबाऱ्याच्या माथ्यावरचं ‘गाव’ बघा आणि यादीत ते नाव शोधा. एकाच नावाची दोन गावं निघाली, तर २०११च्या यादीतल्या सहा अंकी गाव-क्रमांकावरून ती वेगळी ओळखता येतील.